मदत हवी आहे : पीएलजीए नॅनोकणांतले पॅक्लिटॅक्सेल पहिल्याच दिवशी निम्मे बाहेर पडते

नमस्कार. मी औषधनिर्माणशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी असून पीएलजीए या जैवविघटनशील पॉलिमरच्या नॅनोकणांत पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचे औषध भरण्याचे काम करीत आहे. हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्यामुळे प्रचलित इंजेक्शनात ते एरंडेलापासून तयार केलेल्या क्रेमोफोरमध्ये द्यावे लागते आणि त्याची काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी होते. ते टाळावे, हा कामामागचा मूळ हेतू आहे.

औषध व पॉलिमर ॲसिटोनमध्ये विरघळवून मी ते पीव्हीए (कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून वापरायचे पॉलिमर) घातलेल्या, ढवळत ठेवलेल्या पाण्यात थेंबथेंब सोडते. ॲसिटोन उडून गेल्यावर निळसर झाक असलेले दुधाळ मिश्रण मिळते आणि कणांचा आकार १६० नॅनोमीटरच्या आसपास भरतो, त्यामुळे इथवर तक्रार नाही. मात्र डायलिसिस पिशवीत (सुटे औषध बाहेर जाऊ देणाऱ्या, पण कण आत अडवणाऱ्या सच्छिद्र पडद्याच्या पिशवीत) भरून बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावणात, ३७ अंश सेल्सिअसला ठेवल्यावर जवळपास निम्मे औषध पहिल्या २४ तासांत बाहेर येते आणि पुढे आलेख आडवा होतो. पीएलजीए पाण्याने तुटून त्याचे लॅक्टिक व ग्लायकोलिक आम्ल होण्यास काही आठवडे लागतात, तेव्हा ही गळती पॉलिमर झिजल्यामुळे होत नसावी.

मला दोन शंका आहेत. कणांत न शिरलेले औषध बाहेरच स्फटिकरूपात उरत असावे, कारण सेंट्रिफ्यूजच्या नळीच्या तळाचा पांढरा थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा त्यात सुईसारखे बारीक स्फटिक स्पष्ट दिसले. शिवाय माझ्या बफरमध्ये ट्वीन ८० (औषध पाण्यात विरघळायला मदत करणारा साबणासारखा पदार्थ) नव्हते, म्हणून आडवा आलेख म्हणजे केवळ बफर संपृक्त झाल्याची, त्यात आणखी औषध विरघळू न शकल्याची खूण असू शकते. तसे असेल तर आजवरची सगळी मोजमापे मला पुन्हा घ्यावी लागतील, आणि त्याची माझी तयारी आहे.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, शरीरात सोडलेल्या नॅनोकणांच्या मात्रेपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्या भागाचा मध्यक अवघा ०.७ टक्के आढळला होता. इतके थोडे पोहोचत असताना वाटेतच औषध सांडणारे कण रुग्णाच्या काय उपयोगाचे, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

हे स्फटिक वेगळे करण्यासाठी ०.४५ मायक्रॉनची गाळणी पुरेशी ठरते, की आधी कमी वेगाने सेंट्रिफ्यूज करावे? औषधाचे प्रमाण कमी करावे, की अधिक रेणुभाराचे पीएलजीए घ्यावे? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया पद्धतीच्या तपशिलासह लिहावे.