'शासन सापडलं' म्हणावं का?

पाटीपेन्सिल: कर्नाटकातल्या हल्मिडी गावच्या कोरीव दगडाविषयी कन्नडात एक माहितीपर लेख आहे, त्याचं मराठी करतेय. 'हल्मिडि शासन' ओळीओळीला येतं. तसंच ठेवलं तर '१९३६ साली एम. एच. कृष्ण यांनी हल्मिडीचं शासन उजेडात आणलं' हे वाचून लोकांना मंत्रालय आठवेल. सरसकट 'शिलालेख' करू?

सोलापूरकर: डोळे मिटून करा. कन्नडात शासन म्हणजे कोरलेला लेख. विषय संपला.

नीरक्षीर: डोळे उघडे ठेवा. शासन म्हणजे राजाज्ञा. हा दगड दानाचाच आहे. कदंब घराण्यातल्या काकुस्थ राजाच्या काळात लढाई गाजवणाऱ्या विज अरसाला हल्मिडी (तेव्हाचं पल्मडी) आणि मूळिवळ्ळी दिली. दानाचं नाव 'बाळ्गळ्चु', म्हणजे तलवार धुणं. 'दानशासन' लिहा. आपल्याकडे ताम्रशासन आहेच की.

सोलापूरकर: ताम्रशासन फक्त पुस्तकात. बाकी जग ताम्रपट म्हणतं. आणि कन्नडात वीरगल्लावरचा, म्हणजे वीराच्या स्मारकदगडावरचा, लेखही शासनच, त्यात कसली राजाज्ञा?

माजघर: वीरगळावरून आठवलं. त्यातला 'गळ' म्हणजे कन्नड कल्लु, दगड. मग दानाच्या दगडाला गधेगाळ म्हणतात, त्यातला 'गाळ'ही तोच का? आमचे मास्तर शिवी म्हणायचे.

नीरक्षीर: शिवीच. दान मोडणाऱ्याला घातलेली.

सोलापूरकर: काहीतरीच. दगड आहे म्हणून गाळ. मराठीत कन्नड निघालं की तुम्हाला ठसका का लागतो? श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी 'श्रीगंगराजे सुत्ताले करवियले' असं मराठीत कोरलंय. त्यातलं सुत्ताले कुणाचं? कन्नड सुत्तालय, भोवतालचा प्राकार!

नीरक्षीर: करवियले कुणाचं, तेही सांगा.

पाटीपेन्सिल: अहो, माझं काम! पुढे असं आहे: दगड घासून धुवायचा, ओला कागद चिकटवून ब्रशने ठोकायचा, कागद अक्षरांच्या खाचांत बसला की शाईचा बोळा फिरवायचा. अक्षरं पांढरी उमटतात. याला 'ठसा' चालेल ना?

नीरक्षीर: चालेल. पण ठसा 'घेतात', 'काढत' नाहीत.

सोलापूरकर: आम्ही काढतो. फोटो काढतो, ठसाही काढतो.

माजघर: गधेगाळावर वर चंद्रसूर्य, मध्ये लेख आणि खाली बाई नि गाढव. नुसता दगडच म्हणायचा होता तर ते चित्र कशाला हो, सोलापूरकर?

सोलापूरकर: चित्र शिवीचं, नाव दगडाचं.

नीरक्षीर: पुरावा द्या.