वर्क अँड हॉलिडे व्हिसा नाकारला, दाद कुठे मागायची?

मंडळी, मदत हवी आहे. धाकट्या बहिणीचा ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे (सबक्लास ४६२) व्हिसा, म्हणजे तिथे फिरता फिरता कामही करू देणारा, नाकारला. भारतीयांना वर्षाला जेमतेम १,००० जागा, त्याही सोडतीने, आणि नाव लागूनही हे असं! खर्चासाठीचे ५,००० डॉलर बाबांनी एफडी मोडून अर्जाच्या चारच दिवस आधी तिच्या खात्यात भरले. एफडीची पावती जोडायचं कुणालाच सुचलं नाही. पैसे आले कुठून, यावरच घोडं अडलं.

अर्ज ऑस्ट्रेलियाबाहेरून केल्यामुळे ट्रिब्युनलचा, म्हणजे निर्णय नव्याने तपासून घेण्याचा मार्ग बंद. कोर्टात ३५ दिवसांत जाता येतं, पण तिथे निर्णयातली कायदेशीर चूकच बघतात. आमची पावती तिथे काय कामाची? कुणी कोर्टात गेलंय का? की सरळ पुढच्या सोडतीत नाव घालावं? तिला तिसावं सरत आलंय हो, मग वयाच्या अटीत बसणार नाही.