कॅम्पर व्हॅनसाठी हीटर : डिझेलचा, गॅसचा की गरम पाण्याचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

देवगडजवळ, समुद्राच्या अगदी काठावर आमचे घर आहे. पौष-माघातल्या रात्रीही येथे एका गोधडीत भागते, त्यामुळे गाडी आतून गरम ठेवण्याचा विचार करण्याची वेळ माझ्यावर यापूर्वी कधी आली नव्हती. आता मात्र मी एक जुनी डिझेल ट्रॅव्हलर घेऊन तिच्यात झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय करीत आहे, आणि येत्या ऑक्टोबरमध्ये पत्नीसह स्पिती व लेहकडे जाण्याचा बेत आहे. त्या दिवसांत तेथे रात्रीचा पारा शून्याखाली उतरतो. गेले दोन महिने हीटरविषयी मिळेल ते वाचतो आहे. काही गोष्टी उमगल्या, काही ठिकाणी अडलो आहे. ज्यांनी स्वतः हीटर बसवून हिमालयात रात्री काढल्या आहेत त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

या विषयाचे गांभीर्य मला एका प्रसंगाने पटले. गेल्या आषाढात गाडीतले नवे प्लायवूड दमट हवेने फुगू लागले, म्हणून एका परिचितांकडून लाल जाळीचा लहान गॅस हीटर आणला आणि खळ्यात उभ्या असलेल्या गाडीत, पावसामुळे काचा बंद ठेवून, तो लावला. अर्ध्या तासात काचांवर दव धरले, मग थेंबांचे ओघळ खिडकीच्या रबरावरून उतरून प्लायवूडच्या सांध्यात शिरू लागले, आणि ते फडक्याने पुसता पुसता माझे डोके जड झाले. वायरिंगसाठी बोलावलेले मेस्त्री, जे एरवी बंदरावर ट्रॉलरची इंजिने दुरुस्त करतात, दाराशी येताच म्हणाले, ‘दादा, पयलो दरवाजो उघडा.’ त्यांचे ते शब्द मी विसरणार नाही. एक किलो गॅस जळला की सुमारे दीड किलो पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, हे मला नंतर वाचून कळले. म्हणजे गाडी सुकवण्यासाठी लावलेली ज्वाला आत पाणीच ओतत होती आणि आतलाच प्राणवायू खात होती. कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो, त्यामुळे झोपेत तो लक्षात येण्याची शक्यताच नाही. तेव्हापासून कोणत्याही हीटरविषयी मी पहिला प्रश्न हाच विचारतो की ज्वाला कोठे जळते, तिला हवा कोठून मिळते आणि तिचा धूर कोठे जातो.

या कसोटीला डिझेलवर चालणारा गरम हवेचा हीटर सर्वांत चांगला उतरतो, असे माझे मत झाले आहे. त्याची ज्वाला बंद कोठीत असते, ज्वलनाची हवा गाडीच्या तळाखालून एका नळीने येते, धूर दुसऱ्या नळीने खालीच बाहेर पडतो, आणि पंखा गाडीतली हवा त्या कोठीच्या बाहेरील पन्हळ्यांवरून फिरवून गरम करतो. आतल्या हवेत ओल वाढत नाही. २ किलोवॉटचा हीटर ताशी साधारण ०.१ ते ०.२५ लिटर डिझेल घेतो, म्हणजे आठ तासांच्या रात्रीला दोन लिटर पुरेसे आहे. सुरू होताना ज्वाला पेटवणाऱ्या ग्लो प्लगसाठी काही मिनिटे ८ ते १० अँपिअर वीज लागते आणि पुढे एक-दोन अँपिअरवर भागते. बंद करताना बॅटरीची तार थेट तोडायची नाही, कारण कोठी थंड होईपर्यंत पंखा चालू राहावा लागतो. बाजारात ५ किलोवॉटचेही मिळतात, परंतु लहान गाडीत मोठा हीटर सतत मंद चालवावा लागतो आणि मंद आचेवर कोठीत काजळी धरते, असे वाचले. आमच्या गाडीसाठी २ किलोवॉटच योग्य, ही माझी समजूत बरोबर आहे का?

खरी अडचण उंचीची आहे. लेह आणि स्पितीतले काझा दोन्ही साडेतीन हजार मीटरच्या आसपास आहेत, आणि वाटेतल्या खिंडी त्याहून कितीतरी उंच. ४,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच राहतो, आणि पंप मात्र तेवढेच डिझेल देत राहिला तर ज्वलन अपुरे होऊन धूर व काजळी वाढणार. काही हीटर दाब मोजून डिझेल आपोआप कमी करतात, काहींना वेगळा संच जोडावा लागतो. ही सोय नसलेला हीटर ज्यांनी तेथे वापरला, त्यांना किती उंचीपासून त्रास जाणवला? शिवाय साधे डिझेल कडक थंडीत मेणासारखे घट्ट होते; लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे डिझेल आणले. ऑक्टोबरमध्ये साध्या डिझेलवर भागते का?

इतर पर्याय मी जवळजवळ बाजूला ठेवले आहेत. विजेचा १,००० वॉटचा हीटर १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी तासाभरात रिकामी करील. बाहेर धूर सोडणारे बंद कोठीचे गॅस हीटर सुरक्षित असतात, परंतु गॅसमधले ब्युटेन शून्याच्या आसपास वायुरूप होणेच थांबवते. मन अडकले आहे ते गरम पाण्याच्या प्रकारात. त्यात डिझेलची ज्वाला इंजिनचे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवण्यासाठी त्यात फिरणारे द्रव, तापवते. त्यातूनच अंघोळीचे पाणी मिळते आणि पहाटे इंजिनही गरम होऊन सहज सुरू होते. पण त्यात नळ्या, सांधे आणि खर्च सगळेच वाढते. दोघांच्या प्रवासासाठी एवढे करणे योग्य ठरेल का?

एक प्रश्न कोकणातल्या वाचकांसाठी. आमच्याकडे खारा वारा गाडीखालचे लोखंड दोन पावसाळ्यांत खातो, आणि कुंभारीण माशी कोणत्याही उघड्या नळीत मातीचे घर बांधते. धुराची नळी स्टेनलेस स्टीलची घेणार आहे आणि हीटर महिन्यातून एकदा थोडा वेळ चालवणार आहे. नळीच्या तोंडाला जाळी लावली तर धूर अडतो का? काढता येणारे बूच लावले तर ते प्रवासाला निघताना विसरण्याची भीती वाटते.

सुतार पुढच्या पंधरवड्यात जमिनीचे प्लायवूड कायमचे बसवणार आहेत. त्यापूर्वी खालच्या पत्र्याला भोके पाडावी लागतील, आणि हवेच्या हीटरसाठी व पाण्याच्या हीटरसाठी त्यांची जागा वेगवेगळी येते. सध्या चालकाशेजारच्या आसनाखाली खडूने खूण करून ठेवली आहे. ही जागा चुकीची असेल तर कृपया आताच सांगावे.