मालिकेतला फितूर तिसऱ्याच भागात ओळखू येतोय, संशय कसा पेरायचा?

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार मंडळी. आमचा गट यूट्यूबसाठी आठ भागांची हेरकथा लिहितोय, एकेक भाग साधारण २२ मिनिटांचा. बेळगावातली एक काल्पनिक गुप्तवार्ता कचेरी. बनावट नोटांच्या टोळीवर धाड टाकायला जावं, तर दर वेळी गोदाम आधीच रिकामं. म्हणजे आतलंच कोणीतरी टीप देतंय.

माणसं पाच: प्रमुख इनामदार, कागदपत्रं आणि फोनच्या नोंदी तपासणारी सुलभा, खबरी सांभाळणारा बसवराज, ड्रायव्हर यल्लाप्पा आणि कोल्हापूरहून नव्याने आलेली अश्विनी. फितूर सुलभा आहे.

वाचन ऐकणाऱ्या बहुतेकांनी तिसऱ्या भागातच तिचं नाव घेतलं. कारण काय, तर "बाकी सगळ्यांवर संशय आणलाय, हिच्यावरच नाही." मग तिच्यावरही थोडा आणला, तर आणखी लवकर कळायला लागलं. चोरून फोन, दार लावून बोलणं, नजर चुकवणं, सगळं वापरून झालं. संशय नेमका कशातून उभा करायचा? आणि या पाचजणांमधला विश्वास पायरीपायरीने कसा तुटतो, ते कसं दाखवायचं?

पडद्यामागे (टिळकवाडी, बेळगाव)

आधी ते चोरून केलेले फोन कापा. चेहऱ्यावरून आणलेला संशय दोन प्रसंगांत विरतो. खरा संशय येतो तो कुणाला काय ठाऊक होतं यातून.

एक मोठा कागद घ्या. उभ्या रकान्यांत पाच माणसं, आडव्या ओळींत गुपितं: धाडीची वेळ, गोदामाचा पत्ता, खबऱ्याचं नाव, कोणती गाडी निघणार. प्रत्येक चौकटीत तीन गोष्टी लिहा. त्याला हे केव्हा कळलं, कुणाकडून कळलं, आणि त्याला कळलंय हे आणखी कुणाला माहीत आहे. तिसरी गोष्ट सहसा कुणी लिहीत नाही, आणि सगळं नाट्य तिच्यातच असतं. उदाहरणार्थ, यल्लाप्पाला पत्ता कुणीच सांगत नाही. पण डिझेल किती भरायचं ते सांगतात, त्यावरून त्याला अंतर कळतं. त्याला कळलंय हे फक्त अश्विनीला माहीत, कारण पंपावर ती सोबत होती. आता पत्ता फुटला की अश्विनी यल्लाप्पाकडे बघणार आणि बाकीचे अश्विनीकडेच बघणार.

पहिली टीप फुटते तेव्हा निदान तीन जणांच्या चौकटी भरलेल्या हव्यात. चौथ्या भागाअखेर दोन. एकच उरली की शोध संपला, मग कितीही पार्श्वसंगीत वाजवा. तुमच्या तिसऱ्या भागात सुलभाचीच चौकट उरत असणार, एकदा तपासून बघा.

आता सापळा. इनामदार प्रत्येकाला वेगळी माहिती देतो: एकाला बुधवारी पहाटे गोकाक, दुसऱ्याला गुरुवारी रात्री अथणी, तिसऱ्याला शुक्रवारी हुक्केरी. जिथली टोळी हलेल, ती टीप ज्याला दिली तो फितूर. पडद्यावर हे नेहमी एका फटक्यात यशस्वी होतं, ते खोटं वाटतं. तो कुठे कुठे फसतो बघा.

पहिलं, फरक असा हवा की समोरच्याला हालचाल करणं भागच पडेल. नुसता शब्दांचा किंवा आकड्यांचा फरक टोळीच्या हालचालीत दिसत नाही. दुसरं, माणसं आपसात बोलतात. बसवराजने टपरीवर चहा पिताना सुलभाला "गुरुवारी अथणीला जायचं आहे" म्हटलं की दोन टिपा एकत्र झाल्या. तिसरं, टोळी हुशार असेल तर हलणारच नाही. आपला आतला माणूस वाचावा म्हणून एक लहान गोदाम खुशाल जाऊ देईल. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी उलट अंगाने हेच केलं. शत्रूची संकेतलिपी फुटली होती, भूमध्य समुद्रातल्या रसद जहाजांचा मार्ग ठाऊक होता. पण हल्ल्याआधी एक टेहळणी विमान मुद्दाम दिसेल असं पाठवत, म्हणजे विमानामुळे सापडलो असं शत्रूला वाटावं.

तुमच्याकडे दुसरी फसगत वापरा. सुलभाला गोकाकची टीप दिलीय. ती बसवराजकडून ऐकलेली अथणीची टीप फोडते. सापळा अचूक चालतो आणि चुकीचा माणूस पकडतो. पाचवा भाग इथे संपवा.

सीमारेषा (निपाणी)

वरचा तक्ता करा, पण पुरावे आपल्या भागातले घ्या. लिपस्टिकचे डाग आणि जळकी पत्रं कशाला हवीत? सीमाभागात रोजच्या कागदांत मालमसाला पडलाय.

अश्विनीच्या पर्समधून बसचं शून्य तिकीट पडू दे. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या महिलांना राज्याच्या साध्या बसमधून फुकट प्रवास आहे. कंडक्टर कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र बघतो आणि शून्य रुपयांचं तिकीट देतो, त्यावर कुठून कुठे तेही छापलेलं असतं. तिकीट निपाणी ते बेळगाव, तारीख रविवारची. कॅमेरा त्या चिठोऱ्यावर तीन-चार सेकंद थांबवा, संवाद नको. ज्याला कळायचं त्याला कळतं: कोल्हापूरची म्हणवणारी बाई शून्य तिकिटावर कशी? आणि रविवारी कोल्हापुरात होते म्हणाली, मग निपाणीत कशी चढली?

खरं उत्तर अगदी साधं ठेवा. माहेर निपाणीचं, लग्नानंतर आधारवरचा पत्ता बदललेला नाही, आई आजारी आहे. ऑफिसात सांगितलं तर रुजू होऊन महिना नाही तोवर बदली मागते म्हणतील, म्हणून लपवलं. प्रत्येक पुराव्याला असे दोन अर्थ हवेत, आणि साधा अर्थ उशिरा कळला पाहिजे. उशीर का झाला, याचं कारण मात्र त्या माणसाच्या स्वभावात असू दे, योगायोगात नको.

यल्लाप्पासाठी फास्टॅग. बेळगावहून कोल्हापूरकडे निघालं की आधी हत्तरगीचा टोलनाका, हद्दीजवळ कोगनोळीचा. तो म्हणतो "संकेश्वरापर्यंतच गेलतो." पैसे कापल्याचा मेसेज इनामदारांच्या मोबाइलवर येतो, कारण टॅगला त्यांचा नंबर जोडलाय, आणि मेसेज कोगनोळीचा! इथे एक व्यवहारातली गोम आहे. मेसेज कधीकधी बऱ्याच उशिरा येतो. नाका ओलांडल्याची खरी वेळ हवी असेल तर खात्याचा उतारा काढून व्यवहाराची वेळ बघावी लागते. इनामदार मेसेज आला ती वेळ धरतात आणि यल्लाप्पाचा हिशेब चुकतो. गाडी गेली होती आदल्या संध्याकाळी, दुसऱ्याच कामाला.

टॉवरचंही तसंच. कोगनोळी-कागल पट्ट्यात फोन पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडू शकतो. नोंदीत महाराष्ट्र दिसला म्हणजे माणूस हद्दीपार गेला, असं नाही. आणि या नोंदी वाचतंय कोण? सुलभा. ती खोटं काही बोलत नाही, फक्त ही शक्यता सांगत नाही. तिच्यावर संशय आणायची गरजच नाही. बाकी सगळ्यांवरचा संशय तिच्या टेबलावरून जातोय, एवढंच घडू दे. प्रेक्षक मागे जाऊन बघेल तेव्हा त्याला सापडेल.

एक कळकळीची विनंती. बसवराज कन्नड बोलतो एवढ्यावरून कुणालाही त्याच्याबद्दल शंका घेऊ देऊ नका, आणि घेतलीच तर ती घेणाऱ्याला तिची किंमत मोजायला लावा. आपल्याकडे घराघरात दोन्ही भाषा चालतात. बसवराज आणि यल्लाप्पा गाडीत कन्नडमधून बोलतात आणि अश्विनीला कळत नाही, हे ठेवा की. पण ते बोलणं निघावं मुलाच्या फीचं.

जुनी पोथी (चिकोडी)

विश्वास कसा तुटतो हे विचारलंत, तर कौटिल्याचं अर्थशास्त्र उघडा. त्याचं हस्तलिखित म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांना मिळालं आणि १९०९ साली त्यांनी संहिता छापली, म्हणजे ठेवा आपल्याच राज्यातला. पहिल्या अधिकरणाचा दहावा अध्याय अमात्यांच्या परीक्षेचा आहे. परीक्षा चार: धर्म, अर्थ, काम, भय. प्रत्येकीत राजाच गुपचूप कुणालातरी पुढे करतो. बडतर्फ केलेला पुरोहित राजाविरुद्ध कान भरतो, काढून टाकलेला सेनापती पैशाचं आमिष दाखवतो, विश्वासातली संन्यासिनी राणीचं मन तुमच्यावर बसलंय असं सांगते. भयाची परीक्षा तर पटकथाच आहे. एक अमात्य बाकीच्यांना नौकाविहाराला बोलावतो, राजा कटाच्या संशयाने सगळ्यांना कोंडतो, आणि आधीपासून कोठडीत बसवलेला बनावट विद्यार्थी एकेकाला म्हणतो, राजा वाईट आहे, मारू या का?

यातून पात्रांच्या जागा ठरतात. कौटिल्य अर्थपरीक्षेत टिकलेल्याला खजिन्यावर नेमतो, भयपरीक्षेत टिकलेल्याला राजाच्या जवळ. तुमच्या पाचजणांना कोणती परीक्षा झेपते आणि कोणती नाही, हे आधी ठरवा. यल्लाप्पा पैशाला बधत नसेल, पण मुलावर आलं तर?

त्याच अध्यायाच्या शेवटी कौटिल्य बजावतो की परीक्षेत राजाने स्वतःला किंवा राणीला लक्ष्य करू नये, आणि निर्दोष माणसाला नासवू नये, पाण्यात विष कालवावं तसं. कारण एकदा बिघडलेल्यावर औषध सापडेलच असं नाही. तुमच्या सहाव्या-सातव्या भागाचा गाभा हाच ठेवा. सापळ्यात अडकलेला बसवराज नंतर निर्दोष ठरतो, पण इनामदारांना तो परत मिळत नाही. हे घडताना दाखवा: आधी तो खबऱ्यांची नावं तोंडी सांगायचा, आता प्रत्येक गोष्ट लेखी मागतो आणि पोच घेतो. नियमाने वागतोय, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नाही.

आणि तीन वेगळ्या हेरांचं म्हणणं जुळलं तरच विश्वास, हाही त्याचाच नियम. मात्र त्या तिघांची एकमेकांशी ओळख नसावी.

कट टू (शहापूर, बेळगाव)

पडद्यामागे सरांशी एका बाबतीत असहमत. फितूर कोण हे आठव्या भागापर्यंत लपवू नका. चौथ्याच्या शेवटी प्रेक्षकांना सांगून टाका, पात्रांना नको. त्यानंतर सुलभा डबा उघडून अश्विनीला भाकरी देते, तेवढा प्रसंगसुद्धा अंगावर येतो. कोण, हा प्रश्न चार भाग पुरतो. ते एकमेकांचं काय करतील, हा आठही भाग पुरतो.

पकडायचं कसं, तर वास्तवातलं उदाहरण घ्या. अमेरिकेच्या सीआयएमधला ऑल्ड्रिच एम्स १९८५ पासून आपल्याच संस्थेच्या हेरांची नावं सोव्हिएतांना विकत होता. त्याने ५,४०,००० डॉलरचं घर रोखीने घेतलं, तरी विचारलं की उत्तर तयार: बायकोचं कोलंबियातलं माहेर श्रीमंत. १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही वेळी तो पॉलिग्राफमधून, म्हणजे खोटं पकडणाऱ्या यंत्राच्या चाचणीतून सुटला. सोव्हिएत वकिलातीतल्या एका अधिकाऱ्याला भेटायची त्याला कचेरीचीच परवानगी होती. शेवटी दोन याद्या शेजारी ठेवल्या गेल्या, भेटींच्या तारखा आणि बँकेत भरलेल्या रोख रकमा. १७ मे १९८५ला जेवण, १८ मेला ९,००० डॉलर जमा. पुढच्या तारखाही अशाच जुळत गेल्या. अटक झाली ती २१ फेब्रुवारी १९९४ला. म्हणजे घामाघूम चेहऱ्याची चौकशी नको, रात्री दोन कागदांवर पट्टी ठेवून ओळी जुळवणारी अश्विनी दाखवा. तेच काम सुलभाचं आहे, आणि नवखी पोरगी ते शिकली सुलभाकडूनच.

दुसरी बाजूही त्याच संस्थेतली. प्रतिहेरगिरीचा प्रमुख जेम्स अँगलटनचा किम फिल्बीवर पूर्ण भरवसा, आणि हा ब्रिटिश गुप्तहेर अधिकारी खरा सोव्हिएतांचा माणूस. फिल्बी जानेवारी १९६३मध्ये बैरूतहून मॉस्कोला पळाला. त्याआधी, १९६१च्या अखेरीस, गोलित्सिन हा सोव्हिएत हेर फुटून अमेरिकेकडे आला होता. माझ्यानंतर येतील ते खोटे असतील, असं त्याने सांगून ठेवलं. अँगलटनला ते पटलं. १९६४ साली नोसेंको हा दुसरा सोव्हिएत हेर आला, त्याला तीनेक वर्षं कोंडून ठेवलं, आणि पुढे तो खरा ठरवून त्याच संस्थेने सल्लागार नेमला. इनामदारांना अँगलटनसारखं घडवा: एका माणसावर जरुरीपेक्षा जास्त विश्वास टाकला होता, म्हणून आता कुणावरच टाकवत नाही.

मलप्रभाकाठ (खानापूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. तक्ता भरला, आणि खरंच, तिसऱ्या भागात एकटी सुलभाची चौकट उरत होती. आता गोदामाचा पत्ता यल्लाप्पाला डिझेलवरून आणि अश्विनीला पंपावर कळतो. फितूर चौथ्याच्या शेवटी उघड करायचं ठरलं. एकच विचारतो: सहाव्या भागात सुलभाने बसवराजला टोळीच्या गोळीतून वाचवावं, असं एकीने सुचवलंय. त्याने ती चांगली ठरून गोंधळ होईल का?

पडद्यामागे (टिळकवाडी, बेळगाव)

कट टू, चौथ्याचं पटलं. मग उरलेल्या चार भागांत तक्त्याला सहावा रकाना जोडा, टोळीच्या माणसाचा.

मलप्रभाकाठ, वाचवू दे. फक्त दोन गोष्टी सांभाळा. ते तिने टोळीच्या सांगण्यावरून करू नये, आणि त्यामुळे तिचा फायदाही होऊ नये. इनामदार शाबासकी देतील, पण टोळी विचारेल की आमचा नेम कुणी चुकवला. दोन्हीकडून पगार खाणाऱ्या हेराची बायकापोरं ताब्यात ठेवावीत असं कौटिल्य सांगतो, तेव्हा सुलभाचं कोण टोळीच्या हाती आहे ते याच भागात येऊ द्या. प्रसंग लिहिताना गोळीचा आवाज होण्याआधी ती हलली पाहिजे, निदान अर्धा सेकंद. अश्विनीच्या ते लक्षात येतं. ती काहीच बोलत नाही, आणि सातव्या भागात याद्या काढून बसते.