पहिला लिनिअर कशाचा: ८११ए ची जोडी की एलडीएमओएस?

तारवाला

हातात १०० वॅटचा रिग (हौशी रेडिओचा ट्रान्सीव्हर) आणि हॅमचा जनरल परवाना, म्हणजे ४०० वॅटपर्यंत जायला वाव आहे. पहिला होमब्रू लिनिअर (रिगची पॉवर वाढवणारा, घरी बांधलेला अॅम्प्लिफायर) कशाचा बांधू, असं कुणी विचारलं की हल्ली एकच उत्तर मिळतं: ट्यूबच्या नादी लागू नका, एमआरएफ३०० या एलडीएमओएस ट्रान्झिस्टरची जोडी घ्या, ५० व्होल्टचा सप्लाय लावा. मला हे पटत नाही. पहिला लिनिअर ट्यूबचाच हवा, आणि तोही दोन ८११ए ट्यूबचा, ग्राउंडेड ग्रिड (ग्रिड जमिनीला, ड्राइव्ह फिलामेंटला).

ट्यूब चूक पोटात घालते. लोड कंडेन्सर चुकीच्या जागी राहिला किंवा अँटेनाची तार निघाली तर प्लेट लाल होते. ते डोळ्यांना दिसतं आणि ट्रान्समिटची की सोडायला काही सेकंद मिळतात. एलडीएमओएसच्या गेटला १० व्होल्टची मर्यादा आहे. बरेच रिग पहिल्या शब्दाला, एएलसी (पॉवर आपोआप आवरणारं सर्किट) सावरेपर्यंत, ठरवलेल्यापेक्षा जास्त पॉवर फेकतात. गेटला तेवढं पुरतं.

आता आकडे. प्लेटला लोडवर १५०० व्होल्ट, दोघींचा मिळून ३५० मिलीअँपिअर. म्हणजे ५२५ वॅट आत, आणि ६० टक्के कार्यक्षमता धरली तर ३१५ बाहेर. प्लेट लोड १५०० भागिले (१.५७ × ०.३५), साधारण २७०० ओहम. क्यू १२ धरून पाय नेटवर्क (प्लेटला ५० ओहमच्या अँटेनाशी जुळवणारे दोन कंडेन्सर आणि एक कॉइल) काढलं तर ८० मीटरवर ट्यून कंडेन्सर २०० पीएफ, कॉइल ११ मायक्रोहेन्री, लोड कंडेन्सर ११५० पीएफ. ४० मीटरला सगळं निम्मं, २० ला चौथाई. लोडच्या बाजूला ३०० वॅटला जेमतेम १७५ व्होल्टचं शिखर येतं, म्हणून जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला गँग कंडेन्सर तिथे खुशाल वापरा, सगळे सेक्शन समांतर जोडून. ट्यूनच्या बाजूला तो घालू नका, तिथे पानांमध्ये दीड-दोन मिलिमीटर अंतर लागतंच.

फिलामेंट प्रत्येकी ६.३ व्होल्ट, ४ अँपिअर. रेडिओ सिग्नल अडवणाऱ्या चोकसाठी १२ मिलिमीटरच्या फेराइट रॉडवर १४ गेजच्या दोन इनॅमल तारा शेजारी-शेजारी धरून पंचवीसेक वेढे. व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरवर नाही, सॉकेटच्या पिनांवर मोजा. वाटेत ०.०५ ओहम असला तरी ८ अँपिअरला ०.४ व्होल्ट तिथेच जातो आणि ट्यूब उपाशी राहते. १५०० व्होल्टला साडेचार व्होल्टच्या आसपास बायस (ट्यूबचा स्थिर करंट आवरणारं व्होल्टेज) लागतो. त्यासाठी फिलामेंट ट्रान्सफॉर्मरच्या सेंटर टॅपमध्ये १एन५४०८ चे सहा डायोड ओळीने लावले की झालं. स्टँडबायला तीच वाट ४७ किलोओहममधून न्या, ट्यूब गप्प बसते.

दुसऱ्या बाजूचं ऐकायला आवडेल.

पन्नास ओहम

ओएम (हॅमांचं ‘मित्रा’), तुमच्याच आकड्यांची वजाबाकी करू. ५२५ मधून ३१५ गेले, राहिले २१०. ते दोन प्लेटांवर जाणार. ८११ए ची मर्यादा, सगळ्यात उदार आकडा घेतला तरी, प्रत्येकी ६५ वॅट, म्हणजे जोडीला १३०. बोलण्यात शिखरं क्षणाची असतात, एसएसबीला (आवाजाच्या प्रसारणाला) निभावेल. पण आज नवा हॅम आधी एफटी८ हा संगणकावरचा डिजिटल मोड लावतो. तिथे १२.६४ सेकंद सलग पूर्ण कॅरियर जातो, मग पंधरा सेकंदांच्या फेरीची विश्रांती, मग पुन्हा तेच. तुमच्या या जोडीच्या प्लेटा पहिल्या एक-दोन फेऱ्यांतच भगभगीत लाल होतील. याला पोटात घालणं म्हणत नाहीत.

गेटचं म्हणाल तर उपाय सोपा आहे. एमआरएफ३०० च्या पुश-पुल जोडीला ३०० वॅटसाठी दोनेक वॅट ड्राइव्ह पुरतो. रिग आणि बोर्डाच्या मध्ये १७ डीबीचा पॅड (पॉवर कमी करणारा अटेन्युएटर) टाका. रिगने पूर्ण १०० वॅट फेकले तरी पुढे २ वॅटच पोचतात. उरलेले ९८ पॅडच्या हीटसिंकवर जातात, तेव्हा पॅड तेवढ्या ताकदीचा घ्या. ड्रेनला ५० व्होल्ट, बायस प्रत्येकी १०० मिलीअँपिअर. ३०० वॅटला साधारण १६० वॅट उष्णता, ती तांब्याच्या जाड पट्टीतून हीटसिंककडे. या पॅकेजचा टॅब सोर्सला जोडलेला आहे, मध्ये अभ्रक नको, थेट कसा. ट्यूनिंग नाही. बँड बदलला की फक्त लो-पास फिल्टर बदलायचा.

आणि मुख्य मुद्दा: ट्यूब चूक पोटात घालत असेल, पण १५०० व्होल्ट घालत नाही. नवशिक्याला पहिल्याच प्रकल्पात त्यात हात घालायला लावणं मला मान्य नाही.

अर्थपिन

मी ट्यूबच्या बाजूचा, पण शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. धागाकर्त्यांनी फिलामेंटच्या चोकवर पाच ओळी लिहिल्या आणि सप्लायवर एकही नाही. माणूस तिथे मरतो.

११५० व्होल्टचं सेकंडरी, ब्रिज रेक्टिफायर, बिनलोड १६२५ व्होल्ट. ब्रिजच्या प्रत्येक हातात १००० व्होल्टचे तीन डायोड ओळीने, दोनवर भागवू नका. फिल्टरला २२० मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे पाच कंडेन्सर ओळीने, मिळून ४४ मायक्रोफॅरड. १५०० व्होल्टला त्यात सुमारे ५० जूल साठतात. प्रत्येकाला समांतर १०० किलोओहम, ३ वॅट. एकेकावर वॅटभर उष्णता होते, म्हणून ३ वॅटचाच घ्या आणि कंडेन्सरच्या अंगाला टेकवू नका. वेळस्थिरांक २२ सेकंद. बंद केल्यावर ५० व्होल्टच्या खाली यायला सव्वा मिनिट लागतं, तेही पाचही रेझिस्टर शाबूत असतील तर. एक जरी उघडला तरी त्याचा कंडेन्सर चालू असताना जास्त ताण घेतो आणि बंद केल्यावर भरलेलाच राहतो. बाहेरचा मीटर शून्याकडे आलेला दिसतो, आतला एक डबा मात्र जिवंत.

म्हणून प्लास्टिकच्या लांब दांड्याला तांब्याचा आकडा, आकड्यापासून जाड लवचीक तार, तिचं दुसरं टोक चॅसीला कायमचं बोल्ट केलेलं. झाकण उघडलं की आधी दांडा एच.टी.ला (प्लेटच्या उच्च व्होल्टेजला), मग प्रत्येक कंडेन्सरच्या दोन टोकांना वेगळी शॉर्टिंग वायर, मग हात. काम चालू असेपर्यंत आकडा एच.टी.वर लटकलेलाच ठेवा. झाकणाला मायक्रोस्विच, तो मेन्स तोडणारा.

आणखी तीन गोष्टी, ज्या स्वस्त म्हणून लोक गाळतात.

एच.टी.च्या वाटेत २५ ओहम, ५० वॅटचा वायरवाउंड. ट्यूबमध्ये ठिणगी पडली तर करंट ६० अँपिअरवर अडतो. नेहमीच्या चालण्यात हा रेझिस्टर जेमतेम ३ वॅट खातो.

प्लेट करंटचा मीटर एच.टी.त नको, ऋण बाजूला लावा. पण मग ऋण बाजू चॅसीपासून तरंगते. मीटरचा शंट तुटला तर तीच तार उणे १५०० व्होल्टवर जाते, आणि मीटर पुढच्या पॅनेलवर, बोटांपाशी. ऋण बाजू आणि चॅसी यांच्यात उलटसुलट दोन १एन५४०८ टाका.

अँटेनाच्या सॉकेटवर २.५ मिलीहेन्रीचा चोक चॅसीला. ब्लॉकिंग कंडेन्सर (एच.टी. अँटेनाकडे जाऊ न देणारा) शॉर्ट झाला की सगळी एच.टी. कोअॅक्समधून छतावरच्या तारेवर जाते. हा चोक असेल तर फ्यूज उडतो.

कोकण_४०मी

मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर भंगारात सहज मिळतो, तो चालेल का? नवीन गुंडाळून घ्यायला महाग पडतं.

अर्थपिन

या जोडीला नाही. त्याचं सेकंडरी २००० व्होल्टच्या पुढे असतं आणि एक टोक कोअरला जोडलेलं असतं, त्यामुळे ब्रिज लावता येत नाही. कोअर मुद्दाम सॅच्युरेशनच्या काठावर चालवलेला असतो, लोड नसतानाही तापतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी केली तर मागणीप्रमाणे गुंडाळून देणारे सापडतात. ५०० व्हीए सांगा, एसएसबीला पुरतो, आणि प्रायमरीला २१०, २३०, २५० असे टॅप घ्या.

तुम्ही किनाऱ्यावर असाल तर आणखी एक. दमट हवेत कंडेन्सरच्या पानांवरची धूळ ओली होते आणि पावसाळ्यात तिथूनच ठिणगी पडते. जून लागण्याआधी मऊ ब्रशने पानं साफ करा. एच.टी.च्या पट्टीला सनमायका किंवा लाकूड वापरू नका, ओलावा धरतात.

तारवाला

@पन्नास ओहम, वजाबाकी बरोबर आहे. एफटी८ चा विचार मी मूळ लेखात केला नव्हता, तो करायला हवा होता. दोन वाटा आहेत. ८११ए वरच राहायचं तर डिजिटलला २०० मिलीअँपिअरवर थांबा: ३०० आत, १८० बाहेर, १२० प्लेटांवर. फक्त ड्राइव्ह कमी करून हे जमत नाही. प्लेट लोड आता ४८०० ओहमच्या आसपास गेला, तेव्हा ट्यून-लोड पुन्हा जुळवा, नाहीतर कार्यक्षमता पडते आणि प्लेटा लाल होतातच. दुसरी वाट ५७२बी. तोच चार पिनांचा बेस, तेच फिलामेंट, डोक्यावर तशीच प्लेट कॅप, पण प्रत्येकी १६० वॅट. सॉकेट न बदलता बसते. बायसचे डायोड एकेक काढत दोघींचा स्थिर करंट ४०-५० मिलीअँपिअरला आणा.

@अर्थपिन यांचं सगळं मान्य. सप्लाय आधी बांधून, डमी लोडवर चाचणी करून, मगच ट्यूबला हात लावावा.

पण मूळ मुद्दा सोडत नाही, तो दोष शोधण्याचा आहे. ट्यूबच्या लिनिअरचे बहुतेक दोष एच.टी. बंद ठेवून शोधता येतात. चालू असताना फक्त ग्रिड आणि प्लेटचा मीटर वाचायचा, झाकण लावून.

ग्रिड करंट जास्त, प्लेट कमी? लोडिंग हलकं आहे, लोड कंडेन्सर थोडा उघडा. ग्रिड कमी, प्लेट जास्त? लोडिंग जड आहे किंवा ड्राइव्ह अपुरा. जोडीचा ग्रिड करंट १०० मिलीअँपिअरच्या पुढे नेऊ नका. दोन्ही करंट महिनोन् महिने हळूहळू घसरत असतील तर आधी पिनांवरचं फिलामेंट व्होल्टेज बघा, ट्यूबला दोष नंतर. प्लेट करंट शून्य आणि एच.टी. पूर्ण असेल तर स्टँडबायचा रिले सेंटर टॅप जोडत नाही. एच.टी. फ्यूज लगेच उडतो? ट्यूब काढा, ओहममीटरने पिन ३ आणि पिन १ तपासा. शॉर्ट दाखवली तर फिलामेंट ग्रिडला टेकलंय.

आणि नवशिक्याला सगळ्यात जास्त फसवणारा दोष: इतर बँडवर सगळं ठीक, एकाच बँडवर प्लेटचा चोक धुरावतो. चोकचा सिरीज रेझोनन्स नेमका त्या बँडवर पडलाय. एच.टी. बंद, आकडा लावलेला, चोक त्याच्या जागेवरच, दोन टोकं जाड तारेने जोडा आणि नॅनोव्हीएनए या मापयंत्राच्या छोट्या लूपने खड्डा कुठे येतो ते पाहा. बँडमध्ये येत असेल तर काही वेढे कमी करा किंवा वेढ्यांचे दोन-तीन गट करून मध्ये मोकळी जागा सोडा. चॅसीबाहेर मोजू नका, भिंतीजवळ आकडा सरकतो.

एलडीएमओएस बोर्डात हे काहीच दिसत नाही. तो गेला की गेला, आणि कशाने गेला ते कळत नाही.

पन्नास ओहम

कशाने गेला ते कळत नाही, हे चूक. गेट आणि सोर्समध्ये ओहममीटर लावा. शॉर्ट दाखवली तर ड्राइव्हचा दोष असण्याची शक्यता मोठी. गेट शाबूत आणि ड्रेन-सोर्स शॉर्ट, तर एसडब्ल्यूआर (अँटेना न जुळणं) किंवा उष्णता. सप्लायची करंट मर्यादा २ अँपिअरवर ठेवून आधी बायस, मग अर्धा वॅट ड्राइव्ह, या क्रमाने गेलात तर डिव्हाइस सहसा जात नाही.

चोकचा मुद्दा मान्य, छान सांगितलात. पण तुम्ही ८११ए ची एक खोड लिहिली नाही. वरच्या बँडवर ती आपोआप ओरडते. ग्रिड जमिनीला म्हणता खरं, पण पिन ३ पासून चॅसीपर्यंतची तारच इंडक्टन्स होते. नवशिक्याला ते कसं कळणार?

तारवाला

ग्रिडच्या मीटरवर कळतं. अँटेनाच्या जागी डमी लोड लावा, ड्राइव्ह नाही, रिग काढून त्या जागी ५० ओहम. ट्रान्समिट दाबा आणि ट्यून, लोड दोन्ही कंडेन्सर टोकापासून टोकापर्यंत फिरवा, हे प्रत्येक बँडच्या जागेवर. प्लेट करंट जागचा हलता कामा नये आणि ग्रिडचा मीटर शून्यावरच हवा. कुठेही काटा थरथरला तर ती व्हीएचएफवर दोलन करते आहे, लगेच सोडा.

उपाय दोन, आणि दोन्ही करा. ग्रिडच्या पिनपासून चॅसीला तार नको, तांब्याची १० मिलिमीटर रुंद पट्टी, सॉकेटच्या स्क्रूखालीच संपणारी. प्लेट कॅपवर प्रत्येक ट्यूबला वेगळा सप्रेसर: ४७ ओहम, २ वॅटचा कार्बन रेझिस्टर, त्यावर १६ गेजच्या तारेचे तीन-चार वेढे, टोकं समांतर जोडलेली. वायरवाउंड घेऊ नका, तो स्वतःच कॉइल आहे. चालवल्यावर एच.टी. काढून रेझिस्टरचा रंग पाहा. करपला असेल तर त्यात मूळ सिग्नलचीच पॉवर जाते आहे, एक वेढा कमी करा. तसाच टवटवीत राहिला आणि काटाही शांत असेल, तर मग रिग जोडा आणि २० वॅटपासून सुरुवात करा.