मदत हवी आहे: बाळाच्या नाळेला क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक औषध) लावायचं की नाळ कोरडी ठेवायची? अभ्यास वाचले, आता आपल्या गावाचं कसं ठरवायचं?

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा भागातल्या एका उपकेंद्रात सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे. माझ्याकडे पाच गावं आणि दोन कोलाम पोड (कोलाम आदिवासींच्या वस्त्या) येतात.

गेल्या महिन्यात आशाताईंसोबत एका पोडावर सातव्या दिवसाच्या भेटीला गेले होते. बाळाचं दुपटं सोडलं तर नाळेच्या बुडाशी चुलीतली राख आणि तेलाचा काळा लगदा, लघवीने भिजून ओला झालेला. बेंबीभोवती बोटभर लाली, कुबट वास. आजी म्हणाली, "राखेनं नाळ लवकर वाळते जी, आमच्या साऱ्या लेकरायले लावली." बाळाला भरती करावं लागलं, आता बरं आहे. पण "काही लावू नका" हे आशाताईंनी तिसऱ्या दिवशीच सांगितलं होतं. नुसतं "नका लावू" म्हटलं की ऐकून घेतात आणि आपण उंबरा ओलांडला की राख लावतात.

म्हणून रात्री वाचायला बसले. नेपाळच्या सरलाही जिल्ह्यातला २००६ चा अभ्यास वाचून वाटलं, उत्तर मिळालं. तिथे नाळ ४ टक्के क्लोरहेक्सिडिनने पुसली, तेव्हा नुसती कोरडी ठेवण्याच्या तुलनेत नवजात मृत्यू २४ टक्क्यांनी कमी झाले. नंतर २०१६ चे झांबिया आणि टांझानियातल्या पेंबा बेटावरचे मोठे अभ्यास हाती लागले, त्यांत मृत्यूंमध्ये ठोस फरक दिसला नाही. सगळ्या अभ्यासांची सरासरी काढून मोकळं व्हावं, असं मला पटत नाही. सरलाहीत बहुतेक बाळंतपणं घरी होत होती, हा फरक मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये नाळ स्वच्छ आणि कोरडी ठेवा असंच सांगितलंय. जिथे शेणासारखे घातक पदार्थ नाळेला सर्रास लावतात, फक्त तिथेच पहिला आठवडा रोज क्लोरहेक्सिडिन.

माझं घोडं या "सर्रास" शब्दापाशी अडलंय. गावांतली बाळंतपणं जवळपास सगळी दवाखान्यात होतात, तिथे कोरडी नाळ पुरेशी वाटते. पोडांवर मात्र बाळ दवाखान्यातून घरी आलं की राख येतेच. एकाच उपकेंद्रात दोन रीती ठेवाव्यात का?

आधी मोजावं असं ठरवलंय. गडचिरोलीच्या ३९ गावांत बायकांना शिकवून घरीच नवजात बाळांची काळजी घेतली आणि मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली जगासमोर आलं ते घरोघरी नोंद ठेवली म्हणूनच. आपल्या आशाताईंच्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवसाच्या भेटींमागे तेच काम आहे. अडचण अशी की "नाळेला काही लावता का?" विचारलं तर सगळ्या "नाही" म्हणतात, कारण आम्हाला काय ऐकायचंय ते त्यांना माहीत असतं. "नाळ वाळायला घरच्यांनी काय काय केलं?" असं विचारून आणि नाळ स्वतः बघून नोंद केली तर खरं कळेल का? दोन पोडांवर वर्षाला जेमतेम वीसेक बाळं जन्मतात, एवढ्यावरून काही ठरवता येतं का? कोणी मेळघाटात किंवा गडचिरोलीत असं केलं असेल तर प्रश्न नेमके कसे विचारले ते कृपया लिहा.

आणखी एक धास्ती आहे. काही आफ्रिकी देशांत हे औषध चुकून बाळांच्या डोळ्यांत घातलं गेलं आणि डोळ्यांना इजा झाली. त्यात नाळ गळायलाही एक-दोन दिवस जास्त लागतात, म्हणजे आजी पुन्हा राखेकडे वळणार. त्यापेक्षा मलमाची ट्यूब बरी पडेल का? वापरून पाहिलेल्यांनी सांगा.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर एका पानात हे मांडायचं आहे. सर ऐकून घेतात, पण पहिला प्रश्न "आपल्याकडचे आकडे कुठे आहेत?" हाच असेल. असं पान कोणी आधी लिहिलं असेल तर त्यात पहिल्या चार ओळी काय होत्या, तेवढं सांगितलंत तरी फार मदत होईल.