ग्रामपंचायतीचे सभागृह गावच्या समितीकडे चालवायला द्यायचे असल्यास

प्रश्न : ग्रामपंचायत सदस्य, यवतमाळ जिल्हा

नमस्कार. आमची दोन गावांची गटग्रामपंचायत आहे. मुख्य गावात आमदार स्थानिक विकास निधीतून बांधलेले सभागृह आहे आणि नाल्यापलीकडच्या वस्तीत एक जुने समाजमंदिर आहे. सभागृहाची किल्ली शिपायाकडे असते. साक्षगंध, लग्न, तेरवी आणि भागवत सप्ताह सोडले तर इमारत वर्षाचा बराच काळ बंदच राहते. पावसाळ्यात छत गळते, संडासाचे दार तुटलेले आहे, आणि कार्यक्रम झाल्यावर झाडलोट कोणी करायची यावरून दरवेळी बोलाचाली होते. भाड्याची रक्कम मासिक सभेत ठरलेली असली तरी ती सगळ्यांकडून सारखी घेतली जात नाही, अशी लोकांची तक्रार आहे आणि ती मला खरी वाटते.

गावातील गुरुदेव सेवा मंडळाचे कार्यकर्ते, काही तरुण आणि महिला बचत गटांचा ग्रामसंघ यांनी मिळून सभागृह आम्ही चालवतो, असा अर्ज दिला आहे. सकाळी अभ्यासिका, दुपारी बचत गटांच्या बैठका, सायंकाळी सामुदायिक प्रार्थना आणि मागणीप्रमाणे घरगुती कार्यक्रम, असे त्यांचे नियोजन आहे. कोणीही मानधन मागितलेले नाही. सरपंचताई अनुकूल आहेत. मात्र सचिवांचे म्हणणे असे आहे की, शासकीय निधीतील इमारत अशी कोणाच्या हाती देता येत नाही आणि उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर उत्तर त्यांना द्यावे लागेल.

ही व्यवस्था कायद्यात बसते का, बसत असल्यास ती समितीला द्यावी की नोंदणीकृत संस्थेला, आणि भाड्याचे पैसे कोणाच्या खात्यात जावेत, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. येत्या ग्रामसभेपूर्वी ठरावाचा मसुदा तयार करायचा आहे.

उत्तर : निवृत्त ग्रामसेवक, वर्धा जिल्हा

भाऊ, सचिवांची काळजी अनाठायी नाही. इमारत ग्रामपंचायतीच्या स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना 22 मध्ये, नोंदलेली असेल तर तिचा हिशेब शेवटी ग्रामपंचायतीलाच द्यावा लागतो. ती नोंद आहे का, हे आधी तपासा. जुन्या समाजमंदिरांच्या बाबतीत इमारत उभी आहे, पण जागेचा कागद नाही आणि नोंदवहीत ओळही नाही, असे सर्रास आढळते. जी मालमत्ता कागदावर आपली नाही, ती चालवायला देण्याचा ठराव कितीही चांगल्या शब्दांत लिहिला तरी टिकत नाही.

आता मुख्य मुद्दा. मालकी हस्तांतरित करणे वेगळे आणि व्यवस्थापन सोपवणे वेगळे. मालकी देण्याच्या वाटेला जाऊच नका. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 प्रमाणे स्थावर मालमत्तेची विक्री किंवा अन्य हस्तांतरण करायचे असेल, किंवा तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीचा भाडेपट्टा करायचा असेल, तर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. ती प्रक्रिया लांबते आणि तिची गरजही नाही. त्याहून महत्त्वाचे कारण दुरुस्तीचे आहे. इमारत ग्रामपंचायतीची राहिली तरच तिच्या छतासाठी, संरक्षक भिंतीसाठी किंवा संडासासाठी सार्वजनिक निधी मागता येतो. 15 व्या वित्त आयोगाच्या अनुदानात 2021-22 पासून 60 टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बंधित आणि 40 टक्के अबंधित होती. अशा अबंधित निधीतून सभागृहाची दुरुस्ती करायची तर ते काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात धरलेले असावे लागते. स्वयंसेवकांनी वर्गणी काढून स्लॅब बदलावा अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे, आणि अशा अपेक्षेपायीच चांगली माणसे काही काळाने मागे सरतात.

राहता राहिले दोन मार्ग. पहिला, अधिनियमाच्या कलम 49 खालील ग्रामविकास समितीच्या रूपाने सभागृहाचे काम सोपवणे. ही समिती ग्रामपंचायतीचाच भाग असते, त्यामुळे भाड्याची प्रत्येक रक्कम नमुना 7 च्या पावतीने ग्रामनिधीत, म्हणजे ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या निधीत, जमा होते आणि खर्च अंदाजपत्रकातील तरतुदीतून होतो. हिशेब एका जागी राहतो. पण चार झाडू आणायचे झाले तरी मासिक सभेची आणि सचिवांच्या सहीची वाट पाहावी लागते, ही त्याची दुसरी बाजू आहे. दुसरा मार्ग नोंदणीकृत संस्थेशी करार करण्याचा. संस्था ठरलेले वार्षिक भाडे ग्रामनिधीत भरते, कार्यक्रमांचे शुल्क करारातील दराप्रमाणे स्वतःच्या बँक खात्यात घेते, त्यातून वीज, सफाई व किरकोळ दुरुस्ती भागवते आणि वर्षाअखेरीस तपासलेले हिशेब ग्रामसभेपुढे ठेवते. यासाठी 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात. पुढे धर्मादाय कार्यालयात दरवर्षीचे हिशेब आणि कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत फेरफार अहवाल देणे आलेच. उत्साहात स्थापन झालेल्या अनेक संस्था नेमक्या या फेरफार अहवालापाशी अडकतात; कागदोपत्री अध्यक्ष जुनेच राहतात आणि काम दुसरेच करतात.

माझे मत विचाराल तर पहिले वर्ष समितीच्या मार्गानेच जावे आणि किरकोळ खर्चासाठी एक मर्यादित अग्रिम रक्कम मासिक सभेच्या ठरावाने मंजूर करून घ्यावी. काम जमले की मग करार करावा, आणि तो तीन वर्षांच्या आतलाच असावा.

स्वयंसेवकांनी सार्वजनिक सोय चालवणे आपल्याकडे नवीन नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, 1967 खाली गावोगावची वाचनालये स्थानिक संस्थाच चालवतात आणि शासन त्यांना वर्गवारीप्रमाणे अनुदान देते. जिथे दप्तर नियमित आहे तिथे ती टिकली आहेत. जिथे सगळे काम एका उत्साही माणसावर होते, तिथे तो माणूस नोकरीनिमित्त नागपूर-पुण्याला गेला आणि कपाटाला कुलूप लागले, असेही मी पाहिले आहे.

उत्तर : ग्रामसंघ पदाधिकारी, चंद्रपूर जिल्हा

नमस्कार दादा. आमच्या गावात सभागृहाचे रोजचे काम ग्रामसंघ पाहतो, म्हणून काही व्यवहारातल्या गोष्टी सांगते.

किल्ली कोणाकडे आहे यावर पुष्कळ काही अवलंबून असते. ती एकाच घरी राहिली की लोकांच्या मनात ते सभागृह त्या घराचे होते. आम्ही दोन किल्ल्या ठेवल्या आहेत, एक ग्रामपंचायत कार्यालयात आणि एक ज्या गटाची त्या महिन्याची पाळी असेल त्या गटाच्या सचिवाकडे. आरक्षणाची वही सभागृहातच टांगलेली असते आणि दरपत्रक भिंतीवर रंगवून घेतले आहे. सरपंचांच्या घरचे लग्न असो की भूमिहीन मजुराच्या घरची तेरवी असो, दर तोच. तेरवी आणि शोकसभेला भाडे घ्यायचेच नाही, फक्त वीज आणि सफाईचे पैसे घ्यायचे, असे महिला सभेत ठरले आणि पुढे ग्रामसभेने ते मान्य केले.

विजेचा विषय मात्र करारात अगदी स्पष्ट लिहा. आमच्याकडे लग्नसराई भर उन्हाळ्यात असते. एका लग्नात चार-सहा मोठे कूलर, पाण्याची मोटर आणि डीजेचा भार एकाच मीटरवर येतो. मीटर ग्रामपंचायतीच्या नावावर असल्यामुळे बिल तिथे जाते, आणि पैसे कोणी भरायचे यावरून समिती व सरपंच यांच्यात वितुष्ट येते. आम्ही कार्यक्रमाआधी आणि कार्यक्रमानंतर मीटरचे आकडे वहीत लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घेतो आणि वापरलेल्या युनिटप्रमाणे रक्कम अनामतीतून वळती करतो. सतरंज्या, गंज, पराती यांचीही अशीच मोजणी होते.

आणखी एक विनंती आहे. अर्जात बचत गटांचे नाव असते, पण समितीत बायकांची नावे सह्यांपुरती राहतात आणि झाडलोटीची पाळी तेवढी त्यांच्याकडे येते. बँकेतल्या दोन सह्यांपैकी एक महिलेची असावी, असे ठरावातच लिहून घ्या. कायद्यानुसार ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. हा विषय आधी तिथे सविस्तर होऊ द्या, घाई करू नका.

उत्तर : वाचक, अमरावती जिल्हा

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, पण प्रश्नात वस्तीतील समाजमंदिराचा उल्लेख ओझरता आला आहे आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत नाजूक भाग आहे. ते समाजमंदिर अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासाच्या योजनेतून, म्हणजे ज्याला आपण दलित वस्ती सुधार योजना म्हणतो तिच्यातून, बांधलेले असेल, तर तो निधी त्या वस्तीसाठी आलेला आहे. दोन्ही इमारती एकाच समितीकडे देणे सोयीचे दिसते. परंतु त्या समितीत वस्तीतील एक-दोन नावे घेऊन उरलेली सर्व माणसे मुख्य गावातील असतील, तर 14 एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमासाठी, वर्षावासातील ग्रंथवाचनासाठी किंवा मुलांच्या अभ्यासासाठी वस्तीतील लोकांना आपल्याच इमारतीची परवानगी दुसऱ्यांकडे मागावी लागेल. हे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य होण्यासारखे वाटत नाही. समाजमंदिराची समिती वस्तीतील लोकांचीच असावी आणि तिची निवड वस्तीतील बैठकीत व्हावी.

याउलट मुख्य गावातील सभागृहाच्या करारात, जात, धर्म, पक्ष किंवा गट यांवरून कोणालाही वापर नाकारता येणार नाही, नाकारल्यास त्याचे कारण वहीत लिहावे लागेल आणि ग्रामपंचायतीला करार रद्द करता येईल, असे कलम हवे. निवडणुकीनंतर गावात दोन तट पडतात, हे आपण सर्वजण जाणतो. ज्या तटाच्या हाती समिती, त्याच तटाची लग्ने सभागृहात, असे एकदा झाले की स्वयंसेवी व्यवस्थापनावरचा लोकांचा विश्वास परत आणणे फार कठीण जाते. म्हणून समितीची मुदत ग्रामपंचायतीच्या पाच वर्षांच्या मुदतीशी जुळवू नये.

उत्तर : धानोरा तालुका, गडचिरोली जिल्हा

आमच्याकडे पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासींच्या अनुसूचित क्षेत्रात, स्थिती वेगळी आहे. 1996 च्या पेसा कायद्यामुळे पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते आणि राज्याच्या 2014 च्या नियमांनुसार तिचा स्वतःचा कोष असतो. मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे निर्णय बहुमताने न घेता सर्वांच्या संमतीने घेण्याची पद्धत त्याही आधीपासून आहे. तुमचे गाव पेसा क्षेत्रात नसेल तर ही कायदेशीर चौकट जशीच्या तशी लागू होणार नाही, पण पद्धत घेता येईल. विरोध करणाऱ्या चार माणसांचे म्हणणे पूर्ण ऐकल्याशिवाय ठराव पुढे नेऊ नका. त्यांतील एखाद्याला हिशेब तपासण्याचे काम द्या.

प्रश्नकर्ता

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. नमुना 22 पाहिला. सभागृहाची नोंद आहे, समाजमंदिराची नाही. त्यामुळे समाजमंदिराचा विषय सध्या वेगळा ठेवून वस्तीत बैठक घ्यायचे ठरवले आहे. सभागृहासाठी एक वर्षाच्या समितीचा प्रस्ताव महिला सभेत व नंतर ग्रामसभेत मांडू. एक शंका राहते. ग्रामसभेला कोरम होत नाही, सभा तहकूब होते आणि दुसऱ्या सभेत मोजक्या लोकांसमोर ठराव होतात. तसा झालेला ठराव चालेल का?

उत्तर : निवृत्त ग्रामसेवक, वर्धा जिल्हा

कायद्याने चालेल. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती पहिल्या सभेला लागते. तहकूब सभेला कोरमची अट नाही, फक्त मूळ विषयपत्रिकेबाहेरचा नवा विषय तिथे घेता येत नाही. परंतु या विषयासाठी मी तसे करू नये असेच सांगेन, कारण मोजक्या लोकांनी नेमलेल्या समितीला उद्या कोणीही, तुम्हाला कोणी नेमले, असे विचारील. सभा कापूस वेचणीच्या दिवसांत ठेवू नका, वेळ सायंकाळची ठेवा, दवंडी वस्तीतही द्या आणि सभा त्याच सभागृहात घ्या, म्हणजे गळणारे छत सर्वांना दिसेल आणि दुरुस्तीचा विषयही त्याच बैठकीत आराखड्यात घालता येईल.